शाळेचं ॲप, फॅमिली लिंक आणि वर्गाचा ग्रुप: एका आईचा लांबलचक रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना सगळं वाचत बसायला नको. शाळेने फीच्या पावतीसोबत गळ्यात मारलेलं ॲप, पाचपैकी अडीच. मुलाच्या फोनवर देखरेख ठेवायचं गूगलचं ॲप फॅमिली लिंक, चार. आणि वर्गातल्या पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, जो आधी एका स्टारच्या लायकीचा होता तो आता साडेतीनवर आलाय, कसा आला ते खाली आहे. तिन्हींचं एकत्र लिहितेय कारण मुलांची ऑनलाइन सेफ्टी म्हटलं की सगळे मुलाच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवतात, आणि माझं तर आता पक्कं मत झालंय की मुलांची माहिती बाहेर जाते ती त्यांच्या फोनमधून कमी आणि शाळेच्या नि आपल्या फोनमधून जास्त.

आम्ही नाशिकला. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत, दोघं एकाच शाळेत. शाळेचं नाव लिहीत नाहीये आणि ॲपच्या कंपनीचंही नाही, एकतर पोरं अजून तिथेच शिकतायत, आणि दुसरं म्हणजे पुण्याच्या नि ठाण्याच्या मैत्रिणींच्या फोनमध्ये त्यांच्या शाळांची ॲप्स बघितली तर वरचा रंग तेवढा वेगळा, आतला माल तोच. त्यामुळे तुमच्याकडे दुसरं असलं तरी खालचं वाचून आपापलं एकदा उघडून बघा.

चांगलं आधी. दर मुलामागे वर्षाला सहाशे रुपये 'डिजिटल फी' घेतात म्हणून मी पहिल्यापासून वैतागलेलीच होते, पण पावसाळ्यात त्या सहाशेचे पैसे वसूल झाले हे मान्य करते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदावरी वाढली की नाशिककर फक्त एवढंच विचारतात, नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आलं? तर तसं कमरेपर्यंत आलेलं, आणि रात्री साडेदहाला ग्रुपवर जिल्हाधिकाऱ्यांचं पत्र पडलं, उद्या जिल्ह्यातल्या सर्व शाळांना सुट्टी. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता. पोरांनी उड्या मारल्या, आम्ही डब्याची भाजी चिरायचं कॅन्सल केलं. मग एका बाबांनी ते पत्र झूम करून बघितलं तर तारखेचा फॉन्ट बाकीच्या मजकुरापेक्षा वेगळा, म्हणजे आधीच्या वर्षीचं पत्र, तारीख तेवढी कोणीतरी बदललेली. त्यानंतर तासभर 'खरं आहे', 'खोटं आहे', 'माझे मेहुणे झेडपीत आहेत त्यांना विचारते'. ॲपवर पहाटे सहाच्या आत मुख्याध्यापिका मॅडमच्या नावाने नोटीस आली, शाळा नेहमीच्या वेळेला भरेल, बस थोड्या उशिरा येतील. संपला विषय. शाळेची बातमी शाळेच्याच तोंडून, एकाच ठिकाणी, तारखेसकट, आणि कोणालाही तिच्यात खाडाखोड करता येत नाही, एवढ्या एका गोष्टीसाठी असं ॲप असायला हवंच.

बसचं लाइव्ह लोकेशनही चांगलं चालतं. द्वारका चौकात सकाळी काय होतं हे ज्याने भोगलंय त्याला माहीत आहे, त्यात आता कुंभमेळ्याच्या कामांसाठी रस्ते खोदून ठेवलेत, बस कधी दहा मिनिटं आधी तर कधी अर्धा तास उशिरा. पूर्वी बसवाल्या काकांना फोन करायचो, ते बिचारे गाडी चालवता चालवता उचलायचे, म्हणजे आपल्याच पोरांच्या जिवाशी खेळ. आता नकाशावर बस दिसते, ती नाक्यावर आली की आम्ही खाली उतरतो. गैरहजेरीचा मेसेजही सव्वाआठपर्यंत येतो, तो तर फारच उपयोगाचा, त्याचा किस्सा पुढे येईल.

आता बाकीचं. नोटिफिकेशन इतकी येतात की महत्त्वाचं कुठलं ते कळत नाही. 'उद्या ग्रीन डे, हिरवी भाजी आणा' आणि 'उद्या अर्धा दिवस शाळा' या दोन्हीला एकच टुंग. सगळं इंग्रजीत. आमच्याकडे दुपारी मुलांना उतरवून घेतात सासूबाई, त्यांना मराठी भरभर वाचता येतं, रोजचा पेपर त्या अग्रलेखासकट वाचतात, पण 'काइंडली नोट दॅट द डिस्पर्सल विल बी ॲट...' हे त्यांनी का वाचावं? शाळा नाशिकमध्ये, पालक मराठी, टीचर मराठी, आणि नोटीस तेवढी लंडनहून आल्यासारखी. तक्रार केली तर म्हणे ॲपमध्ये मराठी फॉन्टचा इश्यू आहे. अहो, भाजीवाला मराठीत मेसेज पाठवतो आजकाल.

आणि जाहिराती! पैसे भरलेल्या ॲपमध्ये होमवर्कच्या खाली अबॅकसच्या क्लासची जाहिरात, सातवीच्या मुलाच्या लॉगिनमध्ये 'आत्तापासून नीट फाउंडेशन' आणि मुलीच्या लॉगिनमध्ये हस्ताक्षर सुधारा. म्हणजे कोण कितवीत आहे ते बघून जाहिरात लागतेय हे उघड दिसतं. यावर पुढे कायद्याचं थोडं लिहिलंय.

पण या सगळ्या झाल्या कटकटी. अडीच स्टार मी ज्यासाठी कापले ती गोष्ट वेगळीच आहे.

लॉगिन आयडी म्हणजे मुलाचा जनरल रजिस्टर नंबर. पासवर्ड म्हणजे जन्मतारीख, आठ आकडी, मध्ये काही नाही. पहिल्यांदा उघडल्यावर पासवर्ड बदला असं ॲप सांगतसुद्धा नाही, सेटिंगमध्ये खोल जाऊन शोधलं तर मिळतं, त्यामुळे आमच्या वर्गात विचारून बघितलं तर जवळजवळ कोणीच बदललेला नव्हता. आता जीआर नंबर काय गुपित असतो का? तो आयकार्डवर छापलेला आहे. आणि जन्मतारीख? शाळेचं फेसबुक पेज आहे, पब्लिक, कोणीही बघू शकतं, त्याच्यावर रोज सकाळी फुग्यांच्या फ्रेममध्ये 'टुडेज बर्थडे', मुलाचा फोटो, पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. फोटो बहुतेक युनिफॉर्मवरचा, गळ्यात आयकार्ड. तारीख तर पोस्टचीच असते, आणि चौथीतलं पोर कुठल्या साली जन्मलं याचा हिशेब करायला दोन अंदाज पुरतात.

मला वाटलं मी उगाच जास्त विचार करतेय म्हणून समोरच्या बिल्डिंगमधल्या मैत्रिणीला घरी बोलावलं, तिचीही मुलगी तिथेच आहे, तिला म्हटलं तू फक्त बस, काही सांगू नकोस. तिच्या मुलीची वाढदिवसाची पोस्ट काढली, फोटो मोठा केला, कार्डवरचा नंबर जरा अस्पष्ट होता पण वाचता आला, तारीख टाकली. पहिलं साल चुकलं, दुसऱ्याला उघडलं. चहा अजून गाळायचा होता. आत काय काय होतं तर मुलीचा घरचा पत्ता, आई-बाबांचे दोघांचे मोबाईल, रक्तगट, बसचा नंबर, स्टॉपचं नाव, सकाळची नि दुपारची वेळ, आणि 'मुलीला घेऊन जाण्यास अधिकृत व्यक्ती' या रकान्यात तिच्या मामाचं नाव फोटोसकट. मैत्रीण काही बोललीच नाही दोन मिनिटं. मग म्हणाली, अगं आपण हिला इन्स्टा वापरू देत नाही.

हेच माझं म्हणणं आहे. आपण पोरांना सांगतो अनोळखी माणसाला नाव सांगू नका, पत्ता सांगू नका, कुठल्या शाळेत जाता सांगू नका, आणि हे सगळं आपण मोठी माणसं मिळून फुगे लावून छापतो.

याचं काय होऊ शकतं याची झलक आमच्याच ग्रुपमधल्या एका आईला मिळाली. दुपारी साडेबाराला तिला व्हॉट्सॲप कॉल आला, नंबर अधिक ९२ ने सुरू होणारा, डीपीवर खाकी वर्दीतला साहेब. मुलाचं नाव घेतलं, 'सातवी ब मध्ये आहे ना', म्हणे तीन मुलांसोबत ड्रग्जच्या केसमध्ये पकडलाय, प्रकरण मिटवायचं तर पैसे पाठवा, आणि मागून पोराच्या रडण्याचा आवाज, 'आई मला वाचव'. हा फ्रॉड सगळीकडे चालू आहे, पेपरात कितीदा आलंय, पण कानाशी आपल्या पोराचं नाव आणि तुकडी ऐकल्यावर पेपरातलं काही आठवत नाही. तिचं डोकं शाबूत राहिलं ते कशामुळे तर याच ॲपमुळे. थरथरत्या हाताने हजेरी उघडली, त्यात 'हजर', मग ऑफिसला फोन लावला, शिपाईमावशींनी वर्गात जाऊन बघितलं, पोरगं मराठीच्या तासाला बसलेलं. फोन करणाऱ्याकडे तुकडी कुठून गेली हे कळायला मार्ग नाही, फेसबुकच्या पोस्टवरून गेली असेल नाहीतर दुसरीकडून, पण त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपमधल्या किती जणांनी पासवर्ड बदलले ते विचारू नका. माझ्यामते ॲपचे उरलेले अडीच स्टार त्या 'हजर' या एका शब्दाचे आहेत.

पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगमध्ये हे सगळं मांडलं. वातावरण थोडं तापलं, एक गृहस्थ म्हणाले की फेसबुकवर फोटो आला तर पोरांनाच आनंद होतो, त्यात काय एवढं, त्यांच्या मुलाचा गॅदरिंगचा डान्स बराच गाजला होता. मुख्याध्यापिका मॅडमनी मात्र ऐकून घेतलं, वहीत लिहिलं. आता लॉगिनला ओटीपी येतो, वाढदिवस फक्त वर्गाच्या पानावर नुसत्या नावाने येतात. फेसबुकवरचे जुने अल्बम अजून तसेच आहेत, 'करतो, करतो' चाललंय.

कायद्याचं बोलले होते, ते थोडक्यात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल धरलंय, त्यांची माहिती घ्यायला आई-बाबांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांना टार्गेट करून जाहिराती दाखवायला सरळ मनाई आहे. मुलांच्या बाबतीतल्या या जबाबदाऱ्या मोडल्या तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत दिलीय, म्हणजे कंपन्यांकडे अजून वेळ आहे. शाळेला हजेरीसारख्या गोष्टींची आणि बसचं लोकेशन बघण्याची मुलांच्या सुरक्षेसाठी सूट आहे, ती बरोबरच आहे. पण सातवीतल्या पोराला नीटच्या क्लासची जाहिरात दाखवणं कुठल्या सुरक्षेत बसतं ते कंपनीने सांगावं. ॲडमिशन फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात 'फोटो वापरण्यास हरकत नाही' असं असतं आणि आपण न वाचता सही ठोकतो, आमच्या फॉर्मवर ते होतं. त्यावर 'फक्त शाळेच्या आतल्या वापरासाठी' असं पेनाने लिहून सही करता येते, मी मुलीच्या फॉर्मवर तसंच केलं, क्लार्कने एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

आता फॅमिली लिंक. हे गूगलचं, २०१७ पासूनचं, फुकट. मुलाच्या अँड्रॉइड फोनवर त्याचं स्वतःचं पण आपल्या देखरेखीखालचं अकाउंट करायचं, आपल्या फोनवर ॲप ठेवायचं, आपला आयफोन असला तरी चालतं. मुलाचा आयफोन असेल तर मात्र याचा फार उपयोग नाही, स्क्रीन टाइमची लिमिट तिकडे लागत नाही, त्यांनी ॲपलचं स्वतःचं बघावं.

सेटअप शांतपणे बसून करा, दोन्ही फोन चार्ज करून, आणि मुख्य म्हणजे पोराला शेजारी बसवून. आम्ही मुलाला सगळं दाखवूनच केलं कारण चोरून केलं असतं तर त्याने चोरूनच तोडलं असतं. रोजची मर्यादा, रात्रीचं डाउनटाइम, शाळेच्या वेळेसाठी स्कूल टाइम, एकेका ॲपला वेगळी लिमिट, हे सगळं लावता येतं. वेळ संपली की फोन लॉक होतो पण आपला फोन उचलता येतो, त्यामुळे 'लॉक होता म्हणून कळवलं नाही' हे कारण चालत नाही. क्रोममध्ये इन्कॉग्निटो, म्हणजे काय बघितलं याची नोंद न ठेवणारी खिडकी, उघडत नाही. आणि कुठलंही नवं ॲप टाकायचं तर परवानगीची रिक्वेस्ट माझ्या फोनवर येते. माझ्या आवडीचं सगळ्यात हेच. ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना टुंग, फ्री फायर मॅक्स. नाकारलं. पाच मिनिटांनी परत टुंग. नाकारलं. मग फोन, 'आई, फ्री फायर बॅन झालाय पण मॅक्स बॅन नाहीये, तू गूगल करून बघ.' केलं, कार्टं बरोबर होतं, फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने बॅन केलेल्या ॲप्सच्या यादीत साधं फ्री फायर होतं, मॅक्स प्ले स्टोअरवर राहिलं. तरी दिलं नाही. कारण गोळ्या झाडण्यापेक्षा मला त्यातला व्हॉइस चॅट खुपतो, पलीकडे कोण बोलतंय काही कळत नाही, आणि फॅमिली लिंक तुम्हाला किती मिनिटं खेळला ते सांगेल, कोणाशी काय बोलला ते सांगणार नाही.

ही त्याची मर्यादा नीट समजून घ्या, कारण लोक याला सीसीटीव्ही समजून लावतात. मेसेज वाचत नाही, व्हॉट्सॲपच्या आत डोकावत नाही, फोन बंद असला की लोकेशन नाही. यूट्यूबसाठी त्याच अकाउंटवरून वेगळी पातळी ठरवता येते, एक्सप्लोर साधारण ९ च्या पुढच्यांसाठी, एक्सप्लोर मोअर १३ च्या पुढच्यांसाठी, आणि मग जवळजवळ सगळं उघडणारी तिसरी. मुलीला मी अजून यूट्यूब किड्सवरच ठेवलंय, ती कुरकुरते, 'हे बेबी लोकांचं आहे', चालायचंच.

आणि पळवाटा. पहिली पळवाट आजीचा फोन, त्यावर गूगलकडे उपाय नाही. सासूबाईंशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं कुठल्याही ॲपच्या सेटअपपेक्षा नाजूक असतं हे सुनांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे तोडगा असा निघाला की त्यांच्या फोनचं लॉक आता पॅटर्न नाही, बोटाचं आहे, आणि 'बाळा बोट लाव म्हणून आजीच्या मागे लागायचं नाही' हे आजीनेच जाहीर केलंय, पाळतात किती ते आजी आणि नातू जाणे.

दुसरी पळवाट ऐकून तुम्हालाही हसू येईल. शाळेचं ॲप अभ्यासाला लागतं म्हणून मी ते 'नेहमी चालू' मध्ये टाकलं होतं. टीचर होमवर्कमध्ये व्हिडिओची लिंक देतात, ती शाळेच्या ॲपच्या आतच उघडते, तिथे त्याचं अकाउंट लागू नसतं, आणि भूगोलाच्या व्हिडिओच्या शेजारी जे सुचवलेले व्हिडिओ येतात त्यावरून पोरगं रात्री साडेनऊला ज्वालामुखीवरून सुरू करून कुठल्या कुठे. बाकीचा फोन लॉक, आणि शाळेचं ॲप राजरोस चालू! फॅमिली लिंकच्या रिपोर्टमध्ये मला दिसतंय काय तर शाळेच्या ॲपवर दीड तास, मी मनात म्हणतेय काय अभ्यास करतोय माझा सोन्या. आता शाळेच्या ॲपलाही वेगळी लिमिट लावलीय आणि टीचरना सांगितलंय की लिंकऐवजी व्हिडिओचं नाव लिहा, आम्ही लावून देतो. त्यांनी ऐकलं, पण भूगोलाच्याच सरांनी ऐकलं, बाकीच्यांच्या लिंक येतच असतात.

इन्स्टाग्रामचं युद्ध आमच्याकडे पुढच्या वर्षी आहे, मुलगा अजून १२ चा आणि तिथे किमान वय १३. पण ज्यांचं चालू आहे त्यांच्यासाठी, टीन अकाउंट भारतात फेब्रुवारी २०२५ पासून आलंय, आपोआप प्रायव्हेट असतं, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद, आणि १६ च्या खालच्यांना सेटिंग ढिली करायची तर आई-बाबांची परवानगी लागते. अर्थात खरं वय टाकलं असेल तर. चौथीतल्या पोरांनी १९९५ साली जन्म घेतलेली अकाउंट मी स्वतः बघितलीत, आणि ती उघडून देणारे त्यांचे बाबाच.

राहिला व्हॉट्सॲप ग्रुप. साध्या ग्रुपमध्ये आमच्या वर्गाच्या सगळ्या आयांचे नंबर सगळ्यांना दिसत होते, त्यात कोणाचा तरी भाऊ, सोडून गेलेल्या मुलाचे बाबा, आणि एक ट्यूशनवाल्या ताई ज्या कोणाच्या ओळखीने आल्या ते आजतागायत कळलं नाही. त्यात 'मुलं पळवणारी टोळी शहरात आली आहे, सावध राहा' हे फॉरवर्ड दर दोन महिन्यांनी. याचा मला फार राग येतो. १ जुलै २०१८ ला आपल्याच शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाड्याला असल्याच अफवेवरून जमावाने पाच माणसं ठार मारली, पोटासाठी भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच चॅटच्या पुढे फॉरवर्ड बंद केलं. तरी आपल्या आया हात जोडलेल्या इमोजीसकट तेच पाठवतात. मी प्रत्येक वेळी फक्त 'कुठल्या पोलीस स्टेशनला नोंद आहे?' एवढंच विचारते, आता प्रमाण कमी झालंय, माझ्यावरचं प्रेमही थोडं कमी झालंय.

ग्रुप सुधारला तो कम्युनिटी केल्यामुळे. ही सोय २०२२ पासून आहे पण शाळांना कोणी सांगत नाही. सूचनांचा ग्रुप वेगळा, त्यात फक्त टीचर आणि वर्गप्रतिनिधी लिहू शकतात, आणि त्यात इतर पालकांना तुमचा नंबर दिसत नाही, ॲडमिनना आणि ज्यांच्याकडे तो आधीच सेव्ह आहे त्यांनाच दिसतो. गप्पा, डबे, हरवलेल्या बाटल्या, यांचा ग्रुप वेगळा, ज्याला हवं त्याने यावं, तिथे मात्र नंबर दिसतात. गॅदरिंगचे फोटो आता ग्रुपवर नाहीत, ज्याच्या मुलाचा फोटो त्यालाच. हे करून घ्यायला वर्गप्रतिनिधी असलेल्या ताईंनी जो धीर दाखवला त्याला पाचपैकी पाच, ग्रुपला साडेतीन कारण हरवलेल्या बाटल्यांचे रोज वीस फोटो अजून येतात. शिवाय आपल्या फोनवर प्रायव्हसीमध्ये जाऊन ग्रुपमध्ये कोण ॲड करू शकतं तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करून ठेवा आणि अनोळखी कॉल सायलेंट करा, तो ९२ वाला फोन वाजणारच नाही.

सायबर पोलिसांचं एक सेशनही शाळेत झालं, ते मात्र एक नंबर. आलेल्या मॅडमनी भाषण ठोकलं नाही, पोरांना विचारलं की गेममध्ये कोणी फोटो मागितला तर काय कराल, सगळे म्हणाले ब्लॉक, डिलीट. मॅडम म्हणाल्या ब्लॉक करा पण डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट, मग आई-बाबा, पुरावाच पुसला तर आम्ही पकडू कोणाला? हे मलाही सुचलं नसतं. पैशाचा फ्रॉड झाला तर १९३०, लगेच, वेळ घालवायचा नाही, बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर, आणि पोरांना स्वतःला फोन करायचा तर १०९८. आणखी एक मी माझ्याकडून जोडते, १८ च्या खालच्या मुलामुलीचा नको तसा फोटो, खरा असो नाहीतर एआयने केलेला, कुठे फिरेल अशी भीती असेल तर 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे, अमेरिकेतल्या हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही, फोनवरच त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि तेवढाच जातो, मग फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट वगैरे त्या ठशावरून तो आपल्याकडे शोधून काढू शकतात. नाव सांगावं लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवाच, मुलांच्याही.

तर घ्यावं का? फॅमिली लिंक आजच घ्या, १२ च्या खालचं पोर आणि अँड्रॉइड असेल तर विचारच करू नका. शाळेचं ॲप घ्यायचं की नाही हे आपल्या हातात नसतं, पण पासवर्ड आपल्या हातात असतो, तो आधी बदला. आमच्या शाळेचं कंपनीशी कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, नवीन करायच्या आधी पालकांना विचारू असं मॅडम म्हणाल्यात, मी त्यांना तीन प्रश्न लिहून दिलेत: शाळा सोडलेल्या मुलांची माहिती कधी पुसणार, जाहिराती कोणाला विकता, आणि नोटीस मराठीत कधी येणार. पहिल्या दोघांची उत्तरं 'कळवतो' अशी आलीत. तिसऱ्याचं आलंय, मराठीसाठी दर मुलामागे पन्नास रुपये जास्त पडतील म्हणे.